दोन माणसांचं स्कॉटलंड

उद्धवरावांनी पत्र तिसऱ्यांदा वाचून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि निकाल देऊन टाकला.

"दोन मानसं म्हनते ना थो? मंग त्यात इचार काय करायचा? एक मी अन् एक सुधाकर. मी थोरला म्हनून, अन् सुधाकर पत्र त्याच्या नावानं आलं म्हनून."

आतल्या दाराआड सुधाकररावांच्या बायको, विमलबाई, आंबे पिळत होत्या. त्यांचा हात भांड्यातच थांबला.

पत्र येऊन चार दिवस झाले होते. सुधाकररावांचं घर आणि खत-औषधांचं दुकान बोथ ह्या तालुक्याच्या गावी. बोंडअळीनं मागल्या साली कपाशीवर असा काही हल्ला केला, की ज्या कंपनीचं औषध सुधाकरराव विकत, तिच्या मुंबईच्या साहेबांना साऱ्या जिल्ह्यात त्यांचंच नाव दिसू लागलं. बक्षीस म्हणून कंपनीनं त्यांना स्कॉटलंडची सहल दिली. नऊ दिवस, डोंगर आणि बेटं, पंचतारांकित हॉटेलं, सोबत वाटाड्या, दोन माणसांसाठी. जायचं होतं पोळ्याच्या आठवड्यात. कपाशीवर फवारणी कधी चालते हे साहेबांना ठाऊक नसावं. दोन माणसं म्हणजे नवरा आणि बायको, एवढं मात्र त्यांच्या मनात नक्की असणार. पण साहेबांना उद्धवराव ठाऊक नव्हते.

उद्धवराव रविवारी सकाळीच गावाहून जीप करून आले होते. सोबत बायको देवकाबाई आणि आत्या बयनाबाई. भोयरांच्या घरात बैल बदलायचा असो की सून आणायची असो, निकाल उद्धवरावांचा. विमलबाईंना ह्या घरात येऊन सव्वीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत त्या थोरल्या दिराशी, म्हणजे भासऱ्यांशी, एक शब्द थेट बोलल्या नव्हत्या. रीतच तशी. काही सांगायचं असलं की त्या देवकाबाईंना सांगत, नाहीतर दाराच्या चौकटीला. भासरेही रीत पाळत. 'मीठ कमी हाय' हे ते ताटाकडे बघून म्हणत.

"अन् पोया?" देवकाबाईंनी विचारलं. "बैलाची पूजा कोन करन?"

"तू करजो."

"म्या? बाईच्या जातीनं बैल पुजाचे?"

"मंग बैलाले सांगून ठेव, यंदा मालक परदेशी हायत म्हनून."

सुधाकरराव कूलरसमोर बसून कूलरकडेच बघत होते. मे महिना होता आणि कूलरमधून नुसती गरम ओली हवा येत होती.

अकराच्या सुमाराला कंपनीनं पाठवलेला वाटाडा आला. वेणुगोपाल नाव, हैदराबादचा, तिशीतला, गळ्यात टाय. रात्रभर बसमध्ये बसून, हायवेवर उतरून, तिथून काळीपिवळी जीपच्या मागच्या फळीवर, टपाला धरून उभं राहून तो आला होता, तरी टायची गाठ सुटली नव्हती. दोन नावं पक्की करायची, कागद घ्यायचे आणि सहलीची माहिती द्यायची, एवढं त्याचं काम. सगळ्यांना दिसेल अशी त्यानं रंगीत पुस्तिका पसरली. हिरवे डोंगर, काळं पाणी, पाण्यात बेटं, बेटांवर मेंढ्या.

"मेंढ्या?" उद्धवराव म्हणाले. "इमानात बसून मेंढ्या पाहाले जाचं? आपल्या इथं काय धनगर कमी हायत?"

"साब, वहाँ का सीनरी है," वेणुगोपाल नम्रपणे म्हणाला. "पहाड़, बादल. पूरा टाइम बारिश रहती."

"पूरा टाइम? मंग कापूस?"

"कपास नहीं होता, साब."

"मंग लोक करतेत काय?"

वेणुगोपालनं विचार केला. "पहाड़ देखते."

पुस्तिकेतला एकेक दिवस त्यानं समजावून सांगितला. चौथ्या दिवशी 'मोकळा वेळ' होता. उद्धवराव त्यावर अडून बसले. मोकळा वेळ द्यायला कंपनी कशाला पाहिजे, तो तर बोथच्या बसस्टँडवरही मिळतो. सहाव्या दिवशी जुन्या किल्ल्यात मुक्काम होता आणि त्या किल्ल्यात भूत होतं. त्याचे वेगळे पैसे लागत नव्हते.

आतापर्यंत भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेल्या बयनाबाईंनी डोळे उघडले. "भूत मानूस हाय का बाई?"

"लेडी है, अम्मा."

"मंग काई नाई," म्हणून त्यांनी डोळे पुन्हा मिटले.

विमलबाई पन्ह्याचे पेले घेऊन बाहेर आल्या तेव्हा वेणुगोपाल हॉटेलाबद्दल सांगत होता. सामान दुसरं कुणी उचलतं. अंथरूण दुसरं कुणी घालतं, काढतंही दुसरं कुणी. सकाळी टेबलापाशी बसलं, की माणूस येऊन वाकून विचारतो, आपल्याला अंडं कसं हवं? उकडलेलं, तळलेलं की मोडून?

पेले वाटून झाले तरी विमलबाई ऐकत उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षं त्या ह्या घराला जेवू घालत होत्या आणि कोणाला काय कसं लागतं ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. उद्धवरावांना भाकरीचा पापुद्रा लागायचा, सुधाकररावांना वांग्याचं देठ. पण आपल्याला अंडं कसं आवडतं? आत येऊन त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि खरोखरच विचार करू लागल्या. उत्तर सापडेना. जे उरेल ते त्या खात आल्या होत्या. कुणी विचारलं तर काय सांगायचं, ह्याची त्यांना भलतीच काळजी वाटू लागली आणि ती काळजी त्यांना सोडवेना.

तेवढ्यात सुधाकरराव मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरले. बैठकीतून उठून, अंगणाला वळसा घालून, चोरासारखे.

"इमल," ते दबक्या आवाजात म्हणाले, "मले नाई जायाचं."

"काऊन?"

"भेव लागते."

"कायचं?"

"इमानाचं. बोटीचं. साऱ्याचंच." बावन्न वर्षांचा माणूस पिठाच्या डब्यावर बसला. "परवापासून मले सपनात नुसतं पानीच दिसून राह्यलं. दादाले सांगू नोको. दादाले वाटते, म्या त्याच्यासाठी तिकीट जिकलं."

विमलबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. फवारणीचं जहाल औषध हा माणूस बोटानं चाटून खरं-खोटं सांगायचा.

"मंग नोका जाऊ," त्या म्हणाल्या. "पन मंग कोन जाईन?"

"दादा अन्... जाईन कोनीबी," असं म्हणून सुधाकरराव आले तसे निघून गेले. त्या 'कोनीबी'त बायको बसते की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. विमलबाईंनीही विचारलं नाही.

जेवणं झाली. आमरसावर आमरस झाला. मग बेटांची गोष्ट निघाली. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बोटीनं जायचं आणि समुद्रात बोट हलते, असं वेणुगोपालनं बोलून टाकलं. काही काही लोकांना उलट्या होतात, हेही सांगून टाकलं.

उद्धवराव उभे राहिले. "मंग आताच तपासून घेऊ. परदेशात जाऊन भोयरांच्या घरचा मानूस ओकला, हे मले चालनार नाई. ज्याले मळमळीन त्यानं घरी राह्यचं."

घरामागच्या गोदामात सुधाकररावांच्या वडिलांच्या वेळचा कापसाचा काटा होता. तीन वाशांच्या तिकाटण्याला अडकवलेली आडवी दांडी आणि दोन्ही टोकांना साखळ्यांनी टांगलेल्या दोन फळ्या. एका फळीवर उद्धवराव मांडी घालून बसले, दुसऱ्या फळीवर सुधाकररावांना बसवलं. पोती वाहणारे दोन हमाल झोके द्यायला उभे राहिले. वेणुगोपाल हातात घड्याळ घेऊन उभा राहिला, कारण त्याला तसं सांगितलं होतं. बायका दारात थांबल्या.

"चालू!" उद्धवराव म्हणाले.

हमालांनी फळीला हात लावण्याआधीच सुधाकरराव वाकले, तोंडावर उपरणं धरलं आणि ओऽ करून धावत नळाकडे गेले.

"अजून काटा हाललाबी नाई!" देवकाबाई म्हणाल्या.

"बेटाचं नाव आयकूनच झालं त्याले," उद्धवराव म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण फार नव्हतं. "झोका द्या रे मले."

सुधाकरराव उतरल्यामुळे तोल गेला होता. उद्धवरावांची फळी जमिनीला टेकली आणि रिकामी फळी वर छपराला गेली. मग समोर युरियाची पोती चढवली. एका पोत्यानं उद्धवराव उचलेनात, दोन पोत्यांनी वर आले. हमाल झोके देऊ लागले. साखळ्या कुरकुरत होत्या, उद्धवराव सरळ समोर बघत होते, जणू पलीकडच्या बेटावर उतरायचीच वेळ आली आहे. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बस म्हणा, असं कुणी सुचवलं की ते म्हणत, "समुद्र काय ईस मिनिटाचा असते?" पस्तिसाव्या मिनिटाला एक हमाल बाजूला जाऊन ओकला. उद्धवराव ताठ उतरले, दोन पावलं तिरपी टाकली आणि खांबाला धरून म्हणाले, "पास."

बैठकीत परत आल्यावर वेणुगोपालनं कागद मागितले. पासपोर्टसाठी जन्माचा पुरावा हवा. सुधाकररावांनी घरातले सारे दाखले एका पिशवीत भरून ठेवले होते. दोघा भावांचे शाळेचे दाखले निजामाच्या वेळचे, उर्दूतले. बोथला कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाकडून त्यांची इंग्रजी नक्कल करून घेतली होती. वेणुगोपालनं उद्धवरावांची नक्कल वाचली, पुन्हा वाचली, बोटांवर काहीतरी मोजलं.

"साब, इसमें आपका पैदाइश का साल तेरा सौ इकतालीस है."

"बराबर हाय."

"मतलब आपकी उमर छे सौ तिरपन हो रही."

निजामाच्या कचेऱ्यांत इसवी सनाच्या पाचशे नव्वद वर्षं मागे असणारा फसली सन चालायचा आणि अर्जनविसानं आकडा जसाच्या तसा उतरवला होता, हे समजायला थोडा वेळ गेला. सुधाकररावांच्या कागदावर तेराशे चाळीस होतं. तिथं तर नकलताना आकडाही चुकला होता.

"छोटे साब की छे सौ चौपन," वेणुगोपाल म्हणाला. "कागज पे ये बड़े हैं."

साडेसहाशे वर्षं उद्धवरावांनी सहन केली असती. ते एक वर्ष त्यांना लागलं.

"हा? माह्यापेक्षा मोठा?" ते उठून उभे राहिले. "याच्या बारशाचे पेढे म्या वाटले गावात!"

"दादा, थो कागद म्हनते, मी नाई म्हनत," सुधाकरराव काकुळतीला आले.

"मंग घे! तूच कर इथून पुढं घराचे निकाल!"

देवकाबाई, ज्या सकाळपासून नवऱ्याच्या बाजूनं होत्या, त्यांनी हळूच विचारलं, की दोघंही बाद असतील तर बायांनी गेलं तर चालते का? त्यांच्याकडे कसलाच कागद नव्हता, तेव्हा त्याही बसल्या. कागद दुरुस्त करायचे तर कोर्ट, शपथपत्र, तीन-चार महिने. तोवर पोळा होऊन गेला असता. पिशवीत तळाशी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेचा, विमलबाईंचा सातवी पासचा मराठी दाखला होता. वेणुगोपालनं तो उलटसुलट करून पाहिला. "ये मॅडम का पेपर एकदम साफ है," तो म्हणाला. कुणाचं लक्ष नव्हतं. दोघे भाऊ मोठं कोण ह्यावर अजून भांडत होते.

शेवटी तोड सुधाकररावांनीच काढली. पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होतं, की सहल नको असेल तर कंपनी त्याऐवजी कलर टीव्ही आणि फ्रीज देईल. टीव्ही दादाकडे, फ्रीज इकडे. दोन घरं, दोन वस्तू, कुणाचं मन दुखायला नको.

सारे एकदम हलके झाले. उद्धवराव खाली बसले. टीव्ही कुठं ठेवायचा, ह्यावर देवकाबाई बोलू लागल्या. वेणुगोपालनं पिशवीतून दुसरा फॉर्म काढला आणि पेनचं टोपण उघडलं. पुस्तिका मिटून बाजूला ठेवली गेली.

विमलबाई दारात उभ्या होत्या. हातात ओलं फडकं होतं. फ्रीज आपल्या घरी येणार, त्यात पाणी गार होणार, बर्फ होणार, आणि बर्फ भरायचं कामही आपलंच होणार, हे त्यांना लख्ख दिसलं. त्या उंबरा ओलांडून बैठकीत आल्या. भासऱ्यांसमोर येऊन थांबल्या. पदर डोक्यावर होता, पण मान खाली नव्हती.

"दादासायेब," त्या म्हणाल्या, "टीव्ही नोको. मले जायाचं हाय."

कूलरचा पंखा फिरत होता. उद्धवरावांनी आधी चौकटीकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि बोलणं दोन्हीकडून आलेलं नाही ही खात्री पटल्यावर धाकट्या भावाकडे.

"सुधाकर," ते सावकाश म्हणाले, "तिले सांग, बाई मानूस एकटी कशी जाईन?"

सुधाकरराव बायकोकडे वळले. पण निरोप पोचवायची गरज नव्हती.

"एकटी कुठं?" बयनाबाई म्हणाल्या. "म्या हाव ना."

त्यांनी कनवटीची किल्ली काढून देवकाबाईंच्या हातात दिली. "जीपमंदी माही पेटी हाय. तिच्यातलं निळं पुस्तक आन."

निळं पुस्तक आलं. तो पासपोर्ट होता. बयनाबाईंच्या नावाचा, फोटोत त्याच मिटल्या डोळ्यांनी. नऊ वर्षांपूर्वी कैलास मानसरोवरला जायचं म्हणून त्यांनी तो काढला होता. गावातल्या मोतीराम गुरुजींनी अर्ज भरून दिला, पोलीस चौकशीला आले तेव्हा सारे वावरात होते. पण यात्रेच्या सोडतीत नाव काही निघालं नाही. मग त्यांनी पुस्तक पेटीत ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

"अम्मा, ये तो अगले साल तक चलता!" वेणुगोपाल आनंदानं ओरडला. "और मॅडम का कागज साफ है, दो महीने में हो जाता!"

मग एकच गोंधळ झाला. देवकाबाई म्हणाल्या, घरच्या बायांना भुताच्या किल्ल्यात कशाला पाठवायचं. बयनाबाई म्हणाल्या, ती बाई एवढे दिवस एकटी राहते, तिला बरंच वाटेल. सुधाकरराव म्हणाले, विमल नऊ दिवस नसेल तर जेवणाचं कसं, आणि म्हणता म्हणता स्वतःच ओशाळले, नि म्हणाले, "म्या पाहून घेईन. खिचडी येते मले." घरातल्या पुरुषाला खिचडी येते, हे त्या दिवशी पहिल्यांदाच कळत होतं.

उद्धवरावांनी मात्र पुस्तिका पुन्हा उघडली होती. काळं पाणी आणि त्यातली बेटं त्यांनी बोट फिरवून पाहिली. एका बेटाभोवती बोटानं गोल काढला, पूर्ण गोल, कुठंही जमीन लागली नाही. त्यांचा चेहरा हळूहळू काळजीचा झाला. ते उठले आणि विमलबाईंसमोर येऊन उभे राहिले. चौकटीकडे पाहिलं नाही, भावाला हाक मारली नाही.

"पोवता येते काय तुले?" त्यांनी विचारलं.

विमलबाईंना कळायला क्षणभर लागला, की हे त्यांनाच विचारलं आहे.

"येते."

"कुठं शिकली?"

"माहेरी. पैनगंगा पार करत होतो आमी पोरी."

"म्हशीची शेपटी धरून?"

"नाई," विमलबाई म्हणाल्या. "म्हशीच्या पुढं."

उद्धवरावांनी भावजयीकडे नीट पाहिलं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. पुस्तिका तिच्या हातात दिली.

"मंग जा," ते म्हणाले. "अन् आत्याले काठापाशी उभी राहू देऊ नोको."